उजळणी

जमाव तोडफोड करून निघून गेला, तेव्हा अपघात विभागाच्या दारात रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पडला होता. त्यांनी लोखंडी कांब त्याच्या डोक्यात घातली ती घातलीच, वर तो कोसळल्यावरही हाणत राहिले. शेवटी कुणीतरी त्याच्यावर चादर ओढली. त्याचं रक्त थांबवता थांबवता कोपरापर्यंत माखलेल्या थोरल्या सिस्टर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

नवी सिस्टर पाणी घेऊन आली. मानसिक प्रथमोपचाराचे धडे तिनं थोरल्या सिस्टरांकडेच गिरवले होते.

"धीर धरा, सिस्टर. सगळं ठीक होईल."

"उभ्यानं नाही बोलायचं गं, खाली बस. आणि जे आपल्या हातात नाही, त्याचं वचन द्यायचं नाही. कितीदा घोकून घेतलंय तुमच्याकडून!"

पोरगी काचांच्या चुऱ्यातच बसली. तिनं पुढचा धडा आठवला. "जवळचं कोण आहे तुमचं? कुणाला बोलावून घेऊ?" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"आता कसं बरोबर विचारलंस!" सिस्टरांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "आमच्या ह्यांना बोलव. ते बघ, दारातच आहेत."