गळ्याची शपथ

राधाबाईंचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरेना, तेव्हा कौसल्येची खात्रीच पटली की आईला आपणच मारतोय.

तापाची साथ होती. लालबागेत घरटी एक माणूस आडवं पडलेलं, सगळ्यांचं तसंच अंग मोडून आलेलं. पण हे कौसल्येला कोण पटवणार? पाडव्याला आईनं तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून वदवून घेतलं होतं, ‘पुन्हा स्वतःला इजा करून घेणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ.’ आईच्या गळ्याची शपथ मोडली की आई मरते, हे चाळीतलं शेंबडं पोरही जाणतं. आणि कौसल्येनं ती मोडली होती. एकदा मोडली, त्या धसक्यानंच परत मोडली.

तिनं मिठाच्या पाण्याची पट्टी पिळून आईच्या कपाळावर ठेवली. भर मे महिन्यात लांब बाह्यांचं पोलकं घालणारी चाळीत ती एकटीच. बाही जरा वर सरकली आणि राधाबाईंना ताजी जखम दिसली.

‘मोडली मी शपथ, आये,’ कौसल्या म्हणाली. ‘म्हणून तुला ताप आला.’

राधाबाईंनी ती बाही कोपरापर्यंत वर सारली. एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे ती. नळावर तिच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे. आजवर त्यांनी लेकीला ‘करू नको’ एवढंच दटावलं होतं. आज पहिल्यांदा विचारलं, ‘का करतेस गो?’

‘रघु गेल्यापासून छातीत कोंडून बसतं. हाताला दुखलं की तेवढा वेळ तिथलं गप्प होतं. मग लाज वाटते. लाज वाटली की पुन्हा कोंडतं. रोज म्हणते सोडायचं. सुटत नाही.’

रघुवीर, तिचा धाकटा भाऊ, दीड वर्षापूर्वी मोर्चात गेला आणि गोळी लागून गेला. दारात हार आले, घोषणा झाल्या, आणि हुतात्म्याच्या बहिणीनं रडायचं नसतं, असं चाळीनं परस्पर ठरवून टाकलं. राधाबाईंनीही तेच बजावलं होतं. आता ते आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

‘बसव मला,’ त्या म्हणाल्या. भिंतीला टेकून त्यांनी लेकीचा हात धरला आणि तापलेल्या गळ्याशी नेला. कौसल्येनं तो झटक्यात ओढून घेतला.

‘नको आये, परत शपथ नको. नाहीच पाळता आली तर?’

‘घालत नाही गो. सोडवतेय. लहानपणी रघु तुला शपथा घालायचा, मग “सुटली म्हण, सुटली म्हण” करत तू त्याच्यामागे चाळभर धावायचीस.’ त्यांनी हात पुन्हा गळ्यावर ठेवला. ‘सुटली. मी घातलेली, मीच सोडवली. हा ताप साथीचा आहे. तुझा नाही.’

‘आणि मी पुन्हा केलं तर?’

‘तर मला सांगायचं. आधी सांगता आलं तर आधी, नाही तर नंतर. मी ओरडणार नाही. जखम दोघी मिळून धुऊ. मी उठले की डॉक्टरांकडेही दोघी जाऊ.’

कौसल्येचा हात आईच्या गळ्यावरच होता. तिनं तोंड उघडलं, काहीतरी बोलायला, आणि आतून आला तो हंबरडा. दीड वर्षाचा.

गॅलरीत धावपळ उडाली. शेजारची रखमा हातातली पेजेची वाटी तशीच घेऊन धावली, तिच्यामागे अख्खा मजला. राधाबाई गेल्या असं समजून पलीकडच्या खोलीतल्या गुणाजीनं तर डोक्यावरची टोपीही काढली.

‘मी आहे जिवंत,’ राधाबाई आतून म्हणाल्या. ‘पोर भावासाठी रडतेय. दारातून बाजूला व्हा, वारा येऊ दे तिला.’