पहिल्या गाडीचा मान

उमाशंकरचा हिशेब साधा होता. किशनराव शुक्रवारी दुपारी तीनच्या आत अर्ज भरायला नांदेडात पोचला नाही, की प्रभागाचं तिकीट आपलं. त्यासाठी त्याचं काही वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त खिंडीच्या पलीकडं धाडायचं होतं.

नांदेड-लातूरच्या मोटार क्लबच्या गाड्या हिमाचलात शिरल्या आणि इकडं महापालिकेची निवडणूक जाहीर झाली. पक्षाच्या लातूरच्या साहेबांनी दोघांनाही फोनवर एकच सांगितलं, तुमच्यात मिटवा आणि कोणीतरी एकानं या. दोघांनी मिटवलं काहीच नाही, परतीची विमानाची तिकिटं तेवढी काढली. पण खिंड न चढता मागं फिरलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून तेवढी चढाई उरकायची ठरली. यातल्या निम्म्या गाड्यांनी अर्धापूरच्या केळीच्या बागांपलीकडं चिखल पाहिला नव्हता. टपावर शिडी आणि फावडं मात्र प्रत्येकाच्या होतं.

पायथ्याच्या चौकीवर शिपायानं उमाशंकरला बाजूला घेतलं. इथलं हवामान तासाभरात पालटतं, दुपारनंतर बर्फ येणार, आणि एकदा पडला की रस्ता चार-सहा दिवस उघडत नाही, असं त्यानं बजावलं. उमाशंकरनं त्याचे आभार मानले आणि ही माहिती स्वतःजवळच ठेवली.

पहिली गाडी अध्यक्षाची, म्हणजे उमाशंकरची, हा क्लबचा नियम त्यानंच केलेला. त्यावरून दोन मेंबर भांडून निघूनही गेले होते. त्या दिवशी मात्र तो किशनरावच्या खिडकीशी जाऊन हात जोडून उभा राहिला.

“भाऊ, आज पहिल्या गाडीचा मान तुमचा. पलीकडं उतरलात की चहा सांगून ठेवा. आम्ही हावच मागं.”

मान दिला की विरघळायचं, हा किशनरावचा जुना रोग. त्यानं आरशात भांग पाहिला आणि गाडी पुढं काढली.

वर आधी धुकं आलं, मग गारा, मग आडवा बर्फ. उमाशंकरनं एका वळणावर गाडी थांबवली. किशनरावचा वायरलेस टप्प्याबाहेर जाईपर्यंत तो शांत बसून राहिला. मग बटण दाबून त्यानं सगळ्यांना मागं फिरायला सांगितलं.

संध्याकाळी खिंड बंद झाली. पलीकडच्या वस्तीचे फोनही बंद पडले. उमाशंकर पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी विमानानं निघाला.

नांदेडात आल्यावरही किशनरावचा काही पत्ता लागेना, तेव्हा त्यानं हिशेब नव्यानं मांडला. अडकलेल्या किशनरावात नुसतं तिकीट होतं. गेलेल्या किशनरावात त्याची सगळी मतं होती.

त्यानं क्लबच्या सेक्रेटरीला, आदिनाथला, श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला सांगितलं. आदिनाथ चाचरला.

“दादा, बॉडी सापडली न्हाई अजून.”

“म्हणूनच फ्लेक्स मोठा पाहिजे,” उमाशंकर म्हणाला.

फ्लेक्स चौकात लागला. वर किशनराव हसत होता, खाली उमाशंकर हात जोडून उभा होता. दोघांच्या फोटोंच्या आकारात फार फरक नव्हता, असलाच तर तो उमाशंकरच्या बाजूनं होता.

मग तो किशनरावच्या घरी गेला. उज्वला, किशनरावची बायको, भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुंकू पुसणार नाही, एवढं तिनं जमलेल्या बायकांना सांगून ठेवलं होतं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. हिला अजून धक्का बसलेला आहे, असं उमाशंकरला वाटलं. एरवीही ही बाई त्याच्या जमेत कधी नव्हतीच. तिच्या हातचा चहा घेताना त्यानं कधी मान वर केली नव्हती.

बुधवारी तो पुन्हा गेला, तेव्हा मात्र ती बोलली. फ्लेक्स चांगला झालाय म्हणाली. एक स्टेशनच्या रस्त्यालाही लावता येईल का, विचारलं. शोकसभा घ्यायचीच तर साऱ्या प्रभागाला बोलवा, लोकांच्या ध्यानात राहील, असंही सुचवलं. उमाशंकरला ते पटलं. मंडप, माईक, खुर्च्या, सगळं त्यानं स्वतःच्या खिशातून केलं. त्या दिवशीच्या पेपरात, खिंडीपलीकडचे फोन सुरू झाल्याची चार ओळींची बातमी आतल्या पानावर होती. उमाशंकर पहिल्या पानावर स्वतःचा फोटो शोधत होता.

गुरुवारच्या शोकसभेला मंडप अपुरा पडला. उमाशंकर माईक धरून असा रडला की साउंडवाल्यानं आवाज कमी केला. किशनरावचे वायरलेसवरचे शेवटचे शब्द होते, ‘माझा प्रभाग सांभाळा,’ असं त्यानं सांगितलं. गर्दी हेलावली. तेवढ्यात मागून गुरम्मा उठली. ती भाजीवाली, सगळ्या वस्तीला ओळखणारी.

“सांभाळायला उज्वला हाय की. तिलाच उभी करा.”

आधी बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. दहा मिनिटांसाठी आलेल्या साहेबांनी रडणारी डोकी मोजली आणि जागेवरच जाहीर केलं, तिकीट उज्वलाताईंना, आणि त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही करतील उमाशंकर. अजून गालावर पाणी असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. उमाशंकरलाही आलं नाही.

शुक्रवारी निवडणूक कार्यालयात त्यानं सही केली. तुमचं मन लई मोठं हाय, म्हणत लोकांनी त्याची पाठ थोपटली. फ्लेक्स त्याचा, मंडप त्याचा, रडणं त्याचं आणि आता सहीही त्याचीच. तीन वाजले आणि अर्ज घेण्याची खिडकी बंद झाली.

उज्वला बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहिली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिनं पदराआड फोन कानाला लावला.

“अहो, भरला फॉर्म. सूचक तेच हायत,” ती म्हणाली. “आता या तुम्ही खाली.”