अक्काच्या हातची आमटी

पार्सलच्या पिशवीची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा अण्णारावांनी ती सरळ दातांनी तोडली. लालभडक आमटी पातेल्यात ओतताना दोन थेंब धोतरावर उडाले. एरवी धोतरावरच्या डागासाठी घर डोक्यावर घेणारा हा माणूस आज ते बोटानं पुसून मोकळा झाला. स्वारी खुशीत होती.

सत्यभामाबाई भिंतीला टेकून नवऱ्याची ही लगबग बघत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. भूमच्या स्टँडवर येसराचा डबा एसटीच्या ड्रायव्हरकडं देताना पायरीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. पण हात मोडला तरी डबा काही त्यांनी सांडू दिला नव्हता. अण्णाराव ही गोष्ट येईल त्याला कौतुकानं सांगत.

डबा जायचा येडशीला, धाकट्या भावाच्या, बलभीमच्या हॉटेलात. त्यानं हॉटेलला नावच बहिणीचं दिलं होतं. पार्सलच्या पिशवीवरही तेच छापलेलं: 'हॉटेल सत्यभामा. अक्काच्या हातची येसर आमटी.' त्या येसराच्या पिठासाठी बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, सगळं वेगवेगळं भाजायचं, जात्यावर दळायचं, डब्यात दाबून भरायचं आणि तोंडावर जुनं फडकं बांधायचं. हॉटेल निघाल्यापासून हे काम बाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. "अक्का, तुझा हात हाय म्हणून माझं हॉटेल हाय," असं बलभीम फोनवर म्हणायचा आणि त्या दिवसभर हवेत असायच्या. तिथं जेवायला मात्र कधी गेल्या नाहीत. आपल्याच हातची आमटी खायला एवढ्या लांब कशाला जायचं?

आज अण्णाराव कामासाठी धाराशिवला गेले होते, येताना येडशीला उतरून पार्सल घेऊन आले.

"काय मान ठिवलाय तुझा बलभीमनं," भाकरीचा कागद उलगडत ते म्हणाले. "गल्ल्यामागं काचेची फळी केलीय, वर बारीक लाईटी. तू धाडलेले डबे वळीनं मांडलेत. गिऱ्हाईक फोटू काढतंय."

"रिकामे डबे व्हय?"

"रिकामे कशाचे? भरलेले. फडकी तशीच हायेत, तुझी दुहेरी गाठसुदिक सोडलेली न्हाय. देवावानी ठिवलेत."

सत्यभामाबाई जराशा सावरून बसल्या. "आत्ताचे असतील, मागच्या महिन्यातले."

"छ्या. समदे हायेत. दिवाळीचा बी हाय. त्याला तू माझ्या जुन्या धोतराचं फडकं बांधलं हुतंस, म्या लगीच वळखलं."

अण्णारावांनी पुढं सरकवलेल्या वाटीत बाईंनी डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. मग पुन्हा एकदा. मन मानायला तयार नव्हतं, पण जीभ कशी खोटं बोलणार? भाजलेल्या बाजरीचा खरपूस वास कुठंच नव्हता. दाटपणा बेसनाचा होता, रंग विकतचा होता आणि मागून पाकिटातल्या मसाल्याचा तिखट दर्प येत होता. दिवाळीचा डबाही तसाच बांधलेला, म्हणजे हे आजचं नव्हतं. कधीपासूनचं होतं कुणास ठाऊक. गळ्यातल्या प्लास्टरचं ओझं त्यांना एकदम जाणवलं.

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. आता हे तोंड वाकडं करतील, ताट सरकवतील, याची त्या वाट बघू लागल्या. सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नात अर्धं ताट टाकून उठणारा हा माणूस. आमच्या घरच्या आमटीची सर न्हाय, असं यजमानाच्या तोंडावर सांगून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं करणारा, आणि मनातून तेवढंच सुखवणारा.

अण्णारावांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"वा. डोळं बांधून वाढली असती तरी वळखली असती. ह्यो हात लपत न्हाय बघ."

भावानं फसवलं, ते एक वेळ त्यांनी गिळलं असतं. हॉटेलवाला सोय बघणारच, म्हणून मनाची समजूत घातली असती, नाहीतर उद्या फोनवर त्याला फैलावर घेतलं असतं. पण या माणसाचं काय करायचं? याच्या एका 'वा'साठी जन्मभर त्या चुलीपुढं धूर खात बसल्या. आणि त्याच्या जिभेला पाकिटातली पूड आणि त्यांचा येसर, दोन्ही सारखेच. मग इतकी वर्षं हा तारीफ तरी कशाची करत होता? सांगून टाकावं, असं त्यांच्या ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणाला असता, असू दे की, ग्वाड तर लागतीय. ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"बलभीम म्हणला," अण्णाराव भरल्या तोंडानं सांगत होते, "हात बरा झाला की आणिक डबे धाड म्हणावं अक्काला. फळीवर जागा हाय अजून."

पातेलं रिकामं झालं. ते त्यांनी तिरकं करून पाहिलं, पळीनं खरवडलं. सत्यभामाबाईंनी आपली वाटी उचलली आणि डाव्या हातानं, एक थेंबही न सांडता, त्यांच्या ताटात उपडी केली.

"आन् तू गं? तुला नगं व्हय?"

"घ्या तुमी. माझ्याच हातची हाय."

"तरीच," अण्णाराव म्हणाले आणि त्यांनी दुसरी भाकरी कुस्करायला घेतली.