वेढ्यातला पाहुणा

एकेचाळिसाव्या सकाळीही कॅप्टन फ्लोरेस्तां फाटकाशी आला आणि त्यानं तोच प्रश्न विचारला.

"साहेब, जनरलला देताय ना?"

"नाही," ईझ्रा हॉलोवेल म्हणाले आणि हातातल्या ग्रीक व्याकरणाचं पान उलटलं.

हॉलोवेल पोर्तोप्रँसमधले अमेरिकेचे राजदूत. गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, ग्रीकचे पंडित, या पदावर आलेला पहिला काळा माणूस. सरकारविरुद्धचा उठाव फसला त्या संध्याकाळी जनरल दोर्सां अनवाणी पळत त्यांच्या घरात शिरला. सगळ्या गल्लीनं पाहिलं. उजाडता उजाडता शिपायांनी वेढा घातला. राजदूताच्या घरात घुसता येईना, म्हणून त्यांनी पाणी तोडलं; घर पावसाच्या पाण्यावर तगलं.

रोज दुपारी हॉलोवेलांच्या पत्नी लुसिंडाबाई झाकलेलं ताट घेऊन वर जात.

"बाई, तुमचा पाहुणा फार खातो हो," शिपाई खालून म्हणत.

"लढणाऱ्याला भूक लागते. तुम्हाला नाही कळायचं."

मग धाकटी मुलगी तापानं फणफणली. कॅप्टननं डॉक्टरला फाटकावरूनच परत पाठवलं. "माणूस द्या, डॉक्टर घ्या."

"आणखी किती दिवस?" लुसिंडाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"पत्र येईपर्यंत."

ताप नवव्या दिवशी उतरला. पण पोरीला एका कानानं ऐकू येईनासं झालं.

पत्र आलं वॉशिंग्टनहून. जनरलला स्वाधीन करा, नाहीतर पद सोडा.

"तुम्ही गेलात तर आपल्यातल्या दुसऱ्या कुणाला त्या खुर्चीवर बसू देणार नाहीत," लुसिंडाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

त्यांनी उत्तर लिहिलं: जनरल दोर्सां यांना स्वाधीन करणं मला शक्य नाही. सोबत राजीनामा जोडला.

एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी बोटीचं टपाल आलं. एक पाकीट वाचून हॉलोवेल उठले, कोट चढवला आणि फाटक सताड उघडलं.

"शेवटी शहाणे झालात," कॅप्टन म्हणाला. "कुठाय तो?"

हॉलोवेलांनी पत्र पुढं केलं. कॅप्टननं उभ्या उभ्या वाचलं. वर तारीख सात दिवसांपूर्वीची होती.

"सरहद्दीपलीकडे, सांतो दोमिंगोला आज सुखरूप पोचलो. तुमच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकली, त्याला चौतीस दिवस झाले. मी गेल्यावर तासाभरातच शिपाई आले म्हणे. – दोर्सां."