स्थानिक पालक

खिडकीतल्या नव्या कारकुनाने अर्ज परत सरकवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला बहिणी तरी किती?"

विद्यापीठाच्या आदिवासी विद्यार्थी मदत कक्षात बाईंची अकरा वर्षं गेली होती. कक्ष कसला, जिन्याखालची खोली: एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला चिकटवलेला नमुना अर्ज. डोंगरातून मुलं यायची. बाई त्यांचे अर्ज भरायच्या, दाखले लावून द्यायच्या, रांगेत त्यांच्यासोबत ताटकळायच्या. त्या अर्जात एक रकाना होता, शहरातल्या स्थानिक पालकाचा, आणि तो नात्यातलाच हवा. या पोरांचं शहरात डोंबलाचं कोण असणार? मग तिथं बाई आपलं नाव आणि फोन नंबर लिहायच्या, आणि नात्यापुढे 'मावशी'. जुना कारकून वर न बघता शिक्का मारायचा. या नव्या कारकुनाने सगळे अर्ज संगणकावर चढवले, तेव्हा आजचा धरून एकसष्ट मुलांना मिळून एकच मावशी निघाली.

तसा माणूस वाईट नव्हता. झालं ते झालं, म्हणाला, आधीच्या साठांचं मी उकरून काढत नाही. पण या अर्जावर सही माझी जाणार. मुलीने स्वतःच्या तोंडाने नातं सांगावं, मी लगेच शिक्का मारतो.

मुलगी बाईंच्या मागेच उभी होती, कापडी पिशवी पोटाशी धरून. पहाटे घरून निघून दोन बस बदलून आली होती. नर्सिंगची शेवटची जागा तिच्या नावावर लागली होती, आणि या शिक्क्याशिवाय ती पक्की होणार नव्हती. कारकून खिडकीतून वाकला.

"ह्या तुझ्या कोण?"

बाईंनी मागे न बघताच तिचा हात दाबला. मावशी म्हण, बाकी काही बोलू नकोस, असं त्यांनी मनातल्या मनात दहादा सांगितलं.

मुलीने नीट विचार केला. "अजून कुणी नाहीत," ती म्हणाली. "मी यांच्या घरचं पाणी प्यायले नाही."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनाच्या डोक्यात काही प्रकाश पडेना. बाईंना मात्र सगळं कळलं. त्या त्याच डोंगरातल्या, त्याच लोकांतल्या. तिथं दोघींनी घरात समोरासमोर बसून एकाच वेळी पाणी प्यायचं, की नातं जोडलं गेलं. त्याआधी कुणाला मावशी म्हणणं म्हणजे चक्क खोटं बोलणं. शहरात आल्यावर बाईंना कुणी पाण्याला बोलावलं नाही, त्यांनीही कुणाला बोलावलं नाही, आणि ती रीत कधी सुटली ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्यांना रागच आला. हाताशी आलेली जागा आणि ऐन वेळी हा खरेपणा! पण तो राग फार टिकला नाही. साठ पोरांनी त्यांचा नंबर वहीत उतरवून घेतला होता. बाई रात्री फोन उशाशी ठेवायच्या, आंघोळीला जाताना न्हाणीच्या दाराशी. पुढे कोण नोकरीला लागलं, कुणाचं लग्न झालं, हे मात्र त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळायचं. गरज सरली की विसरतात मेले, असं म्हणून त्या जेवायला बसायच्या. आज पहिल्यांदाच वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? साठांतल्या एकालाही आपण कधी घरी नेलं नाही. हे वाटलं आणि बाईंना तिथं, त्या गर्दीत, फार एकटं वाटलं.

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच मिनिटं कमी होती. उद्या सकाळी दहापर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाला, त्यानंतर प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल. उद्या पुन्हा हाच प्रश्न विचारणार, हेही सांगितलं. मग खिडकी लावता लावता हळूच म्हणाला, "पाणी पाजा तिला, मॅडम."

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला, एकुलत्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून पलंगावर टाकले. मुलगी खुर्चीवर बसली नाही. चपला दाराशी काढून ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि समोर एका माणसाची जागा ठेवली.

बाईंनी फळीवरून पेला काढला आणि दुसऱ्यासाठी हात आत घातला. फळी रिकामी होती. त्यांनी खालचा कप्पा पाहिला, भांड्यांच्या टोपलीत पाहिलं. दुसरा पेला नव्हताच. अकरा वर्षांत तो लागलाच नव्हता.

शेवटी त्या न्हाणीत गेल्या. तिथल्या मगातला दात घासायचा ब्रश काढून ठेवला आणि तो रिकामा मग घासायला घेतला. तो केव्हाच स्वच्छ झाला, तरी त्या घासतच राहिल्या. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ मोठा केला.

बाहेरून मुलीचा आवाज आला.

"सावकाश होऊ द्या. मी बसलेय."