मनाचा रकाना

माझा आजार हातपाय थरथरण्याचा, पण अभ्यास चालला होता माझ्या पोटाचा. पोट आणि मेंदूचं आतून काही साटंलोटं आहे का, हे शोधायला डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली होती. रोज दोन रकाने भरायचे: आज पोट कसं होतं आणि आज मन कसं होतं.

पेन माझ्या हातात ठरत नाही, म्हणून वही यांनी ताब्यात घेतली. पोटाचं मला विचारून लिहायचे, मनाचं विचारायचेच नाहीत. एकदा मी अडखळत म्हटलं, "अहो, निदान विचारा तरी." तर म्हणाले, "तीस वर्षं संसार केलाय. तुझं मन मला कळत नाही होय?" आणि 'प्रसन्न' लिहून वही मिटली.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई वही चाळत बसल्या.

"नवलच आहे! पोट रोज बिघडलेलं, तरी मन प्रसन्न. पोट शांत फक्त एकदाच, बारा तारखेला, आणि नेमकं तेव्हा मन 'फार उदास'!" त्या माझ्याकडे वळल्या. "काय झालं होतं हो त्या दिवशी?"

माझी जीभही आता सावकाश वळते. मी शब्द जुळवत होते.

 

"अहो, काय सांगू!" हे म्हणाले. "त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत क्लबात ठाण मांडून बसलो, तरी निवडणुकीत तीन मतांनी पडलो!"