मुखपृष्ठामागचं पान

हसीनाला तुम्ही नापास केलंत, साहेब. अभ्यासकेंद्राच्या खिडकीतून म्हणालात, "विज्ञानाची एकच प्रत आहे, दोन दिवसांत परत करा." शिवणकारखान्यातल्या आम्ही पाचजणी पाळीपाळीनं ते दोन-दोन दिवस मागून आणत धडे वहीत उतरवत बसलो. हसीनाची पाळी परीक्षेनंतर आली.

काल हसीनानं आणलेल्या त्या प्रतीचं मुखपृष्ठामागचं पान बघून तारामती ओरडली, "बायांनो, हे आपण उतरवलंच नाही!" तिथं छापलं होतं: हे पुस्तक कुणीही मोफत घ्यावं, वाटावं. खालचा पत्ता मोबाइलमध्ये टाकला. आमचं पुस्तक उघडलं. मग पुढच्या वर्षांची पुस्तकंही, व्हिडिओंसकट. आम्ही मशिनं थांबवली. पडद्यावर धडधडणारं हृदय बघत हसीना कुजबुजली, "अगं, हे सगळं आपलंच?"

त्याच पानावर तुमचा शिक्का आहे, साहेब. मारताना वाचलं असेलच. मग सांगितलं का नाहीत? उत्तर हसीनाला द्या.